आल्मंड, आमंड आणि पोपटराव

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण हॉटेलात सगळे त्यांना पोपटराव म्हणत. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. गिऱ्हाईक जो शब्द जसा उच्चारेल तसाच तो ऑर्डर वाचून दाखवताना पोपटरावांच्या तोंडून निघे. खिडकीजवळच्या चार टेबलांवर बावीस वर्षं हेच चाललं होतं. एकजण ‘टोमॅटो’ सूप मागवी, दुसरा ‘टोमाटो’, तिसरा ‘टमेटो’. आचाऱ्याच्या पातेल्यात सूप एकच.

वर आणखी एक खोड. शब्द असा का म्हणता, कुठं शिकलात, हे हळूच विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा दोन सख्खे भाऊ जेवायला आले; पिझ्झ्यावरच्या हिरव्या पानाला थोरला म्हणे ‘बेसिल’, धाकटा ‘बॅझिल’. चौकशीअंती कळलं की शाळा एक, पण मास्तर वेगळे. त्या दिवशी पोपटराव लॉटरी लागल्यासारखे घरी गेले. बायको म्हणाली, काहीही म्हणा, आधी भाजी निवडायला बसा.

मग नवा मॅनेजर आला. कोवळा पोरगा, पण शर्टाला कडक इस्त्री. मुख्य कचेरीने पाठवलेली यादी त्याने भिंतीवर लावली: चाळीस पदार्थ, प्रत्येकाचा एकच शुद्ध उच्चार. शनिवारी बाहेरून मॅडम येऊन परीक्षा घेणार, आणि नापास होईल त्याची रवानगी कोठीत. कोठीत पोती असतात. पोत्यांना काय विचारणार? पोपटरावांनी अख्खी यादी घोकून पाठ केली.

शनिवारी मॅडम आणि मॅनेजर गिऱ्हाईक होऊन खिडकीजवळ बसले, बाकीचे वेटर भिंतीला लागून उभे. मॅनेजरने ऐटीत ‘आल्मंड केक’ मागवला. यादी लावणं वेगळं, जिभेला वळण लावणं वेगळं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि इथे ‘ल’ मुका असतो, यादीत ‘आमंड’ आहे, हे सगळ्यांदेखत समजावलं. भिंतीकडे कुणीतरी खुसखुसलं. मॅनेजरचे कान लाल झाले. त्याने मेनू मिटला आणि मला काही नको, पाणी पुरे, म्हणाला.

पोपटरावांना त्याच्याकडे बघवेना. ते जरासे वाकले.

“साहेबांना एक आल्मंड केक. मॅडमना एक आमंड केक. आणू?”

मॅडमची पेन्सिल थांबली. “यादी पाठ नाही?”

“पाठ आहे, मॅडम.”

“म्हणजे चूक मुद्दाम केलीत.”

“टोकलेला माणूस उपाशी उठतो, मॅडम. मी इथे वाढायला उभा आहे.”

मॅडमनी शून्य दिलं; त्यांचंही बरोबरच, नियम तसा होता. केक आला. मॅनेजरने बशी पुढे ओढली, खाऊ लागला आणि कणही उरू दिला नाही. तोंड पुसून त्याने निकालाचा कागद मॅडमकडून मागून घेतला, घडी घालून खिशात टाकला आणि कोठीत कुणीही जाणार नाही, असं सांगितलं.

निघताना तो पोपटरावांपाशी थांबला. आवाज अगदी खाली आला होता.

“माझी आई इथे यायला लाजते, काका. मेनूतले शब्द चुकतील म्हणते. रविवारी आणतो तिला, तुमच्याच टेबलावर.”