शीग लावलेलं घमेलं

बायकोचे दिवस झाले आणि घरी बसायला येणारी माणसं आटली. चौदाव्या दिवशी फक्त आमच्या आळीतले ख्रिस्ती मास्तर आले. वसईकडचे, लहानपणी पाद्र्यांकडे लॅटिन शिकलेले. मी दुसरी पास. ओसरीच्या कोपऱ्यात तिचं घमेलं पडलं होतं, बुडाला गंजून भोक पडलेलं. मास्तरांना गप्प बसवेना.

"हा शब्द आपला नाही हो," ते म्हणाले. "पोर्तुगीजांचा. गामेला. त्यांच्याकडे लाकडाची परात, पीठ मळायची, धुणं धुवायची. फ्रान्सात, इटलीत शिपाई तसल्याच नावाच्या डब्यात जेवतात. स्पेनात बैलाच्या मानेवर बसतो ना जुवाचा वाक, त्यालाही तेच म्हणतात. मूळ लॅटिन, प्यायची लाकडी वाटी."

"ते जेवले त्यात," मी म्हटलं. "आमी मीठ वायलं."

आणि मग तोंडातून निघालंच. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

इंग्रज जायच्या आधीची गोष्ट. खाडीकडच्या मिठागरात आम्ही दोघं कामाला. पुरुष घमेली भरायचे, बाया डोक्यावरून नेऊन बांधावरच्या राशीत ओतायच्या. रीत अशी की आपल्या बायकोचं घमेलं आपण भरायचं नाही. नवऱ्याचा हात आखडतो. त्या दिवशी एक भरणारा तापाने पडला आणि मुकादमाने मला तिच्यापुढे उभं केलं.

मागची बाई ओरडली, "आज मजा हाय गो हिची! नवरा मीठ नाय, फुलं भरनार!"

सगळ्या हसल्या. माझं डोकं फिरलं. मी काठाच्या वर शीग लावून भरलं, वर फावड्याने थापटलं. दुसऱ्या कुणाचं असं भरलं नसतं.

"अवो, थोडं उनं भरा," ती हळूच म्हणाली.

"उचल. लोकं बघतात."

तिने उचललं. दिवसभर उचललं. दिवस कलताना बांधावर बसली ती उठलीच नाही. झोळीत घालून घरी आणली. पाचवा महिना होता. पोर गेलं, पुन्हा दिवस राहिले नाहीत.

मास्तर म्हणाले, "तुम्हाला कल्पना नसेल तेव्हा."

"होती की. पोटात दुकतंय म्हनून सकाळीच बोललेली."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले, गेले. बरं केलं.

तिची आई धावत आली होती तेव्हा मी सांगितलं, बांधावरून पाय घसरला. ही बाजूलाच निजलेली. आईने हिच्याकडे बघितलं. हिने मान हलवली, हो म्हणून. पुढे सासरमाहेर, आळी, सगळ्यांना तीच हकीकत सांगितली गेली, आणि हिने एकदाही मला खोटं पाडलं नाही. भांडणातसुद्धा नाही. पाडायला हवं होतं. चार माणसांत तोंडावर म्हणायला हवं होतं, यानंच मारलं माझं पोर. मी खाली मान घालून ऐकलं असतं.

आता म्हणणारीच नाही.