उंबऱ्याआतलं गौरीफळ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर वही हातात धरली नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

मी विश्रांतवाडीला रोपवाटिकेत काम करते. तिथे येणाऱ्या, संगणकाच्या कंपनीतल्या एका साहेबांना कुंपणाला गौरीफळ (रानातलं काटेरी झुडूप, फळ तुतीसारखं, पिकलं की काळं) हवं होतं. आमच्या डोंगरावर ते आहे, असं मी कधी नव्हे ते तोंड उघडून बोलले. त्यांनी बारा रोपांचे सहाशे रुपये आगाऊ दिले. ते घराच्या पत्र्यात गेले. बी पेरलं, चार महिने वाट पाहिली. एक कोंब नाही. म्हणून दसरा झाल्यावर खुरपं आणि टोपली घेऊन निघाले.

स्वारगेटला कंडक्टर म्हणाले, "बाई, टोपलीला खिडकी हवी का?" खडकवासल्यापर्यंत टोपली मांडीवरच ठेवली. धरणावर भाजलेलं कणीस खाल्लं आणि डोंगर चढू लागले.

वर माझं माहेर, बारा घरांची वस्ती. जमिनी बंगल्यांच्या स्कीमला विकून माणसं गेली. कौलं, वासेसुद्धा घेऊन गेली. फक्त चुलत आत्या राहिलेली. भिंतींच्या आत ऊन पडलं होतं. वारा नव्हता, पक्षी नव्हता.

पहिल्या घरात डोकावले. जात्यापाशी गौरीफळ. दुसऱ्यात पाळणा टांगायचे त्या जागी. तिसऱ्यात दाराआड, जिथे म्हातारा बसायचा. राखेसारख्या पांढऱ्या कांड्या, आणि प्रत्येकीच्या बुडाशी एकेक चपटा दगड. घरातली माणसं आपापल्या जागी बसावीत तशी ती झाडं. मी मात्र मोजत होते. आमचं धरून अकरा.

आमच्या घरात ते आईच्या चुलीत होतं. खुरपं घातलं. मूळ लवकर सुटेना. शेवटी चुलीच्या राखेसकट उपटून निघालं.

"कुणाला उठवलंस गं?"

आत्या दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"बी टाकून लवकर येत न्हाई ते. पावसात नव्या लांब कांडीचं टोक मातीत दाबायचं, वर दगड ठेवायचा. दोन महिन्यांत पाय फुटत्यात. मग मागची कांडी तोडायची. फळ देऊन वाळली ती बुडापासनं कापायची. एवढंच हाय."

"हे दगड कुणी ठेवले?"

"गेली त्यांनी. घर सोडताना घरच्या बाईनं टोक उंबऱ्याच्या आत दाबायचं. घर रिकामं ठिवायचं न्हाई."

"मला कधी कुणी सांगितलं नाही."

"तू पुण्याला गेलीस तवा घर कोण सोडत हुतं? हे तुझ्या वहिनीनं लावलं. जाताना रडली बी न्हाई, पर दगड नीट ठिवला."

माझ्या हातातल्या मुळांना आईच्या चुलीची राख लागलेली. झाड खड्ड्यात परत ठेवलं, माती दाबली, दगड ठेवला. आत्यानं तांब्याभर पाणी ओतलं.

"बाकीची नेऊ का?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली, पण सहाशे रुपये डोळ्यांसमोर होते.

"ने की. धा घरं हायेत. एकेकाला इचार."

मी उठले नाही.

तिनं भाकरी आणि ठेचा दिला. तिच्या उंबऱ्याबाहेर एक कांडी वाकून आली होती. टोक जमिनीपासून वीतभर वर. शेजारी धुतलेला चपटा दगड.

"कधी जाणार आत्या?"

"ते टेकलं की."

रिकामी टोपली घेऊन उतरले. बसमध्ये तोच कंडक्टर. टोपलीत पाहून म्हणाले, "एवढंच आणायला गेला होता?" मीही पाहिलं. तळाशी राखेच्या ढेकळात बोटभर मूळ तुटून राहिलं होतं. फेकवेना.

साहेबांना खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही. "रोपं मिळाली नाहीत, पैसे परत करते," एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "राहू द्या हो." मी राहू दिले नाहीत. दर महिन्याला पन्नास.

ते मूळ तेलाच्या डब्यात लावलं. आता पुरुषभर उंच कांडी आली आहे. रोज सकाळी तिचं टोक भिंतीकडे वळवून बांधते. संध्याकाळी कामावरून येते तेव्हा सुतळी सुटलेली असते आणि टोक माझ्या दाराकडे. घरात दगड मी ठेवत नाही, मसाला वाटायचा वरवंटासुद्धा शेजारी दिला आहे.

आज साहेबांना शेवटचे पन्नास दिले. त्यांचे सहाशे पुरते फिटले, डब्यातल्या मुळाचं देणं तेवढं राहिलं.