स्टेइन म्हणजे धोंडा

शैलजाबाई जुन्नरकडच्या डोंगरात वाढल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या अमेरिकेत नोव्हायला गेल्या तेव्हा बॅगेत डिंक होता, अळीव होते आणि मनात धसका होता. हिमानीची आधीची दोन बाळं जगली नव्हती. हे तिसरं दिवस भरण्याआधीच आलं आणि हॉस्पिटलात काचेच्या पेटीत निजलं.

नावाचा विषय जावयानं काढला. एरिकचे पूर्वज आइसलँडहून येऊन नॉर्थ डाकोटात शेती करत. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव नव्या जिवाला देत, आणि एरिकच्या आजोबांचं नाव होतं स्टेइन. म्हणजे दगड. फार जुनं नाव, असं तो अभिमानानं सांगत होता. समुद्राच्या वाऱ्यापुढे जे टिकतं त्याचं नाव. थॉर देवाचं नाव आधी जोडलं की होतो थॉरस्टेइन, देवाचा दगड.

हिमानी ओशाळली. आई आता नाक मुरडणार, असं तिला वाटलं. शैलजाबाईंनी पदर सावरला.

"एरिकराव, हेच ठेवा."

शैलजाबाईंच्या आईची मुलं पाळण्यातच जात. मग एकाचं नाव तिनं धोंडू ठेवलं. धोंड्याला कोण उचलून नेतो? नेणाऱ्याला भुरळ पडू नये म्हणून त्याला कुणी गोड म्हटलं नाही, शेजारून मागून आणलेली जुनेरं घातली. शैलजाबाईंचा तो भाऊ आज नातवंडं खेळवतो.

एरिकच्या लोकांनी दगडाला मान दिला होता, शैलजाबाईंच्या आईनं त्याच्याआड लेकरू लपवलं होतं. त्याही तेच करू लागल्या. रोज पेटीपाशी उभ्या राहून म्हणत, कसलं हे काळंबेंद्रं! नर्सनं कौतुक केलं की तोंड फिरवत. बाळाला हातात घेत नसत. कारण सांगितलं की राखण उतरते, अशी त्यांच्या आईची शिकवण, म्हणून लेकीलाही काही बोलल्या नाहीत.

हिमानीला ते लागलं. "दोन गेली म्हणून ह्याला जीव लावायला घाबरतेस ना, आई? एकदा तरी क्यूट म्हण ना त्याला."

"घरी येऊ दे. मग म्हणेन."

"नाही आला तर?"

शैलजाबाई उठून बाहेर खिडकीशी गेल्या. पार्किंगमधला बर्फ मळका होऊन वितळत होता.

त्याच आठवड्यात स्टेइनच्या फुप्फुसांनी साथ सोडली. नर्सनं नळ्या काढल्या, त्याला दुपट्यात गुंडाळून हिमानीच्या हाती दिलं. एरिक भिंतीला टेकून उभा होता. हिमानीनं आईकडे पाहिलं नाही.

शैलजाबाई पुढे झाल्या. आता कुणापासून लपवायचं होतं? त्यांनी दुपटं हलकेच बाजूला केलं.

"किती देखणा रे माझा राजा," त्या म्हणाल्या. "नाक हिमानीचं. हनुवटी एरिकरावांची. आणि बोटं बघ गं, हिमा, कशी लांबसडक..."

त्या एकेक अवयव सांगत राहिल्या. हिमानीनं सरकून जागा केली आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.