सईचं तिसरं प्रकरण

"बाबा ठणठणीत आहेत, तू लिहीत बस," असं मी सईला सांगितलं. ती माझी चूक. त्यानंतर अविनाश सोळा दिवस जगला.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. स्वतःच्या फजितीचे किस्से मी एरवी चारचौघांत हौसेनं सांगतो. हा कुठे सांगावा कळेना, म्हणून लिहितो आहे. अविनाश रॅफल्स प्लेसला बँकेत, मी बुकित बातोकचा सॉफ्टवेअरवाला. दोघंही पुण्याहून एकाच वर्षी सिंगापूरला आलो. वहिनी गेल्यावर टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची लेक सई, दोघंच उरले. सई कॉलेजसाठी अमेरिकेला गेली आणि तिथे तिनं विषय घेतला 'अमेरिकन स्टडीज'. थोडा इतिहास, थोडं साहित्य, थोडं समाजशास्त्र, जाहिराती, सिनेमा... सगळ्यांतून मिळून त्या देशाची संस्कृती समजून घ्यायची. "ही मिसळ झाली, पाव कोण देणार?" असं मी विचारलं होतं. अविनाश हसला नाही. "वीस वर्षं कोड लिहितोयस, तुला कुठला देश कळला?" म्हणाला.

शेवटच्या वर्षी सईनं प्रबंधासाठी तिथले अंत्यविधीचे व्यावसायिक निवडले. मेलेल्या माणसाला रंग लावून, सूट चढवून, झोपल्यासारखं दाखवायची रीत कशी रुजली, ते ती जुन्या जाहिराती, कादंबऱ्या आणि डॉक्टरांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून शोधत होती. प्रकरण झालं की बाबांना पाठवायची. तो प्रिंट काढून, पेन्सिल घेऊन बसायचा. दुसरं प्रकरण आलं त्या आठवड्यात त्याचे डोळे पिवळे दिसले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी फार तर तीन महिने दिले.

"प्रबंध जमा होईपर्यंत सईला कळता कामा नये," अविनाश म्हणाला. "सगळं टाकून येईल ती."

मी विरोध केला नाही. उलट कामालाच लागलो. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल असायचा, मी तासभर आधी पोचायचो. पहिल्या खेपेला त्याच्या गालांवर टाल्कम पावडर फासली. आरशात बघून तो म्हणाला, "दशावतारातला राजा करून ठेवलास की रे." पुढच्या खेपेला बायकोचं फाउंडेशन ढापून नेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, मोतीबिंदूचं निमित्त. शर्ट ढगळ झाला होता, तो पाठीमागे कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायचा... समोरून माणूस भरलेला दिसायचा.

मग तिसरं प्रकरण आलं. "पान अकरा वाच," अविनाश म्हणाला. मी वाचलं. समोरून नीट दिसावं म्हणून मृताचे कपडे पाठीमागून टाचतात, असं सईनं लिहिलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चिमटे मी काढले नाहीत. कॉलची वेळ झाली होती.

त्याच दिवशी सईनं मला वेगळा फोन केला. "काका, बाबा हलत का नाहीत? पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाहीत. मी तिकीट काढू का? खरं सांगा." तेव्हा मी ते ठणठणीतवालं वाक्य बोललो.

त्यानंतर दोनच कॉल झाले. तो मंगळवारी गेला, ती गुरुवारी पोचली. तोवर इथल्या अंत्यविधीवाल्यांनी त्याला औषधं भरून, गालांना रंग लावून तयार ठेवलं होतं. सईनं वाकून त्याच्या कॉलरमागे बोटं घालून पाहिलं... आणि माझ्याकडे पाहिलं.

प्रबंध तिनं अजून जमा केलेला नाही. गेल्या शनिवारी टॅम्पिनीसला गेलो होतो. कॉलला तो बसायचा ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून तशीच आहे. सई तिच्यावर बसत नाही, कुणाला बसू देत नाही. ती शेजारी जमिनीवर बसली होती. शांतता मला कधीच सोसत नाही, म्हणून मी पावडर, राजा, चिमटे सगळं तिला साभिनय सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला किस्सा मिळाला, काका," ती म्हणाली. "मला बाबा भेटले नाहीत."