विशेषणं खोडणारे मामा

युद्ध संपलं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्याकडच्या पेपरात ते छापून आलं, त्यानंतरही मी इथे आखातात, रास तनुराच्या रिफायनरीत भरदुपारी दिवे लावून काम करत होतो. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्या आभाळात उतरला होता. तशाच एका दुपारी जवळच्या धाहरानहून, घरून मामीचा फोन आला. "लवकर ये रे... मामांना श्वास घेता येत नाहीये." मी पोचलो तेव्हा मामा गेले होते.

मामा तेलकंपनीत इंजिनियर. शिकायला अमेरिकेत गेले आणि डिग्रीबरोबर हायकूचं, त्या तीन ओळींच्या जपानी कवितेचं, वेड घेऊन आले. अमेरिकन कवी जपानकडून कमी बोलायला शिकले, हे त्यांचं लाडकं वाक्य. पानभर उपदेश करणारी कविता एका रिकाम्या बाकावर येऊन थांबली, आणि त्या थांबण्यात सगळं आलं, असं ते समजावून सांगायचे. "आपली उपनिषदंसुद्धा मला त्यांच्याच पुस्तकांतून भेटली, बोल आता!" म्हणायचे आणि स्वतःवरच हसायचे.

मी वाढलो नाशिकला, युनियनच्या पत्रकांत. वडील ती लिहायचे, मी गेटवर वाटायचो. माझं लिखाण मामांकडे नेलं की ते पेन्सिल घेऊन विशेषणं खोडत. अमानुष, रक्तपिपासू, निर्लज्ज... "हे सगळं तुला वाटतंय. वाचणाऱ्याला दिसतंय काय?"

क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजू लागले तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होतो. विषारी वायू आत येऊ नये म्हणून बैठकीच्या खोलीच्या खिडकीला चिकटपट्ट्या लावून आम्ही तिघं आत बसायचो. तिथेच एकदा मी भडकलो. "ज्या जपान्यांवर अणुबॉम्ब टाकला, त्यांच्याकडूनच कविता घेतली तुमच्या अमेरिकेनं!"

"घेतली. पण टाकणारे वेगळे, घेणारे वेगळे. तू दोघांना एकाच मोर्च्यात चालवतोस."

"अहो, आधी मास्क घाला, मग भांडा!" मामी ओरडली.

मास्कच्या आतून मामा काहीतरी पुटपुटले. एक अक्षर कळलं नाही. "हा तुमचा सगळ्यात चांगला हायकू," मी म्हणालो. मामी हसता हसता रडायला लागली.

मग भोंगे थांबले आणि धूर आला. मामांचा जुना दमा उसळला. मामी गावी चला म्हणून मागे लागली होती. "जाऊ गं, थोडं निवळू दे..." सकाळी उठून ते खिडकीच्या काचेवरून बोट फिरवायचे आणि काळं झालेलं बोट मला दाखवायचे.

डॉक्टरांनी कागदावर 'दमा' असं लिहिलं. मी लिहितो, मामांना युद्धानं मारलं. मामांनी हे वाक्य खोडलं नसतं. त्यात एकही विशेषण नाही.

मामी आता घर आवरते आहे. ती खिडकी मात्र तिनं कुणाला पुसू दिलेली नाही. चिकटपट्ट्यांचे डाग तसेच आहेत, मामांच्या बोटाची शेवटची रेघही आहे... दिवसेंदिवस पुसट होत चाललेली.

तेव्हा तुमच्यासमोर कुणी म्हणालं की युद्ध संपलं, तर एवढं करा. वाद घालू नका. त्याला फक्त हे सांगा:

काचेवर काजळी,
काजळीत बोटाची रेघ,
रेघेवर पुन्हा काजळी.

आणि मग गप्प बसा. त्याला बघू द्या.