कारखानदारांची बारा घड्याळं

कारखानदारांना कुणी वेळ विचारली तर ते लगेच सांगत नसत. आधी विचारत, "कशाला हवीये?" दूध आणायचंय, मुलाला शाळेत पोचवायचंय, असल्या फुटकळ कारणांसाठी त्यांच्याकडून वेळ मिळत नसे. कारण पसंत पडलं तर ते आत जात, टेबलावरच्या घड्याळाकडे भिंग लावून पाहत आणि बाहेर येऊन वेळ जाहीर करत. ती हमखास पाच-सात मिनिटं मागची असे. तसं कुणी म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं होतं. "घड्याळ बरोबर आहे. तुमची बस लवकर आली असेल." त्या काळी मीरा रोडला बसच काय, पाण्याचा टँकरसुद्धा लवकर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली, परळमधली आमच्यासारखी मंडळी मिठागरांच्या कडेला उगवलेल्या नव्या बिल्डिंगांमध्ये येऊन स्वतःला ब्लॉकवाले म्हणवून घेत होती. कारखानदार आमच्या समोरच्या दारात राहायला आले. आधी ते फोर्टातल्या एका घड्याळांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. सेलवर चालणारी घड्याळं आली आणि दुरुस्तीचं काम संपलं. बंद पडलं की मशीन काढून टाकायचं आणि दुसरं बसवायचं. "हे काम माकडालाही येईल," असं साहेबांना तोंडावर सांगून यांनी नोकरी सोडली. साहेबांनी त्यांना थांबवायचा फारसा प्रयत्न केला नाही, ही माहिती मात्र आम्हाला त्यांच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून मिळाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये येणाऱ्या एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की तिकडे डोंगरातल्या गावांत काही कारागीर कुठल्याही कंपनीशिवाय, एकट्याने, वर्षाला मोजकी मनगटी घड्याळं बनवतात. डायलवर स्वतःचं नाव, मागे नंबर. ठरलेला आकडा झाला की काम बंद, मग राजा आला तरी मिळत नाही. हे वाचून दुसऱ्या कुणी मासिक बाजूला ठेवलं असतं. यांनी बाल्कनी बंद करून घेतली, तिला कारखाना म्हणायला सुरुवात केली आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "मी आता स्वतंत्र घड्याळजी आहे. बारा घड्याळं करणार. चावीची. तेरावं नाही. मर्यादित आवृत्ती." आमच्या सोसायटीच्या पाटीवरही शेवटी 'मर्यादित' लिहिलेलंच होतं, त्यामुळे त्या शब्दाने कुणी भारावून गेलं नाही. बिल्डिंगने त्यांना कारखानदार ही पदवी तेवढी दिली. ती त्यांनी गंभीरपणे स्वीकारली.

कारखान्याचे नियम घराला लागू होते. खाऱ्या हवेने लोखंडाला गंज चढतो, म्हणून खिडक्या बंद. वाऱ्याने केसाएवढी स्प्रिंग उडते, म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. वहिनी साड्यांना फॉल-पिको करून देत आणि घर खरं तर त्यावर चालायचं. पण शिलाई मशीन चाललं की कारखानदारांचं टेबल थरथरायचं, म्हणून ते दुपारी झोपले की वहिनींनी शिवायचं, असं ठरलेलं. आलेल्या पाहुण्यांनाही सवलत नसे. एखादा स्क्रू खाली पडला की सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं आणि वहिनींनी मळलेल्या कणकेचा गोळा फरशीवर दाबत दाबत तो शोधायचा. ती कणीक नंतर वेगळी ठेवायची, हा नियम एकदा चुकून मोडला. आठ नंबरच्या घड्याळाच्या एका स्क्रूचा शोध त्यानंतर थांबवण्यात आला.

नंबरांचीही गंमत होती. पहिलं घड्याळ तयार झालं त्यावर त्यांनी बारा नंबर कोरला. मी विचारलं, "पहिल्याला बारा?" ते म्हणाले, "लोकांना वाटलं पाहिजे की अकरा संपली." मग अकरा, दहा असे ते उलटे उतरत गेले. एक नंबरचं घड्याळ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात उत्तम होणार होतं. वहिनी फॉल लावता लावता म्हणाल्या, "यांचा पहिला नंबर शाळेतसुद्धा आला नव्हता."

गिऱ्हाइकाची ते परीक्षा घेत. मी हौसेने गेलो, तर मला स्टुलावर बसवून विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" मी खरं ते सांगितलं, "चहा पितो." ते उठलेच. "पहिल्यांदा चावी द्यायची. चहा नंतर. तुम्हाला नाही जमणार." माझ्या हातातल्या, ऑफिसने दिलेल्या सेलच्या घड्याळाकडे त्यांनी असं पाहिलं की मी ते शर्टाच्या बाहीत ओढून घेतलं. बँकेत मला लोक साहेब म्हणत. समोरच्या दारात मी नापास होतो. जवळच्या खारी गावात जमीन विकून मोकळा झालेला एक जण मात्र पास झाला, कारण त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मना येल बगाची गरजच न्हाय. हातात बरा दिसतंय, म्हनून पायजे." पुढे त्याने पट्टा काढून सोनेरी चेन बसवली, तेव्हा कारखानदारांनी त्याच्या घरी जाऊन घड्याळ परत आणलं आणि पट्टा लावल्याशिवाय दिलं नाही.

या सगळ्या कारभारात खरं राबत होतं ते त्यांच्या मुलीचं मनगट. प्रत्येक घड्याळ विकण्याआधी महिनोन्‌महिने कुणीतरी हातात घालून हिंडायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः काम करताना हातात काही घालत नसत. वहिनींनी साफ सांगितलं होतं, "मला घड्याळ नको. नळाला पाणी आलं की मला वेळ कळते." राहिली सुषमा. ती कॉलेजात जायला लागली तेव्हा तिच्या काडीसारख्या हातावर बारा नंबर आला. पुरुषी घड्याळ, बांगडीसारखं कोपरापर्यंत जायचं. रिक्षाचे धक्के, परीक्षा, पावसाळा, पुढे अंधेरीतली नोकरी, सगळं त्या घड्याळांनी तिच्या हातावर काढलं. रोज सकाळी ती उभ्या उभ्या चावी द्यायची आणि कानाला लावून ऐकायची. "हिच्या हातावर टिकलं तर जगाच्या हातावर टिकेल," असं कारखानदार अभिमानाने सांगत. घड्याळ तिच्या सवयीचं झालं की तिच्या हातातून काढून गिऱ्हाइकाला देत.

एकदा, बहुधा सात नंबर गेलं तेव्हा, ती माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, एक मला ठेवा ना." त्यांनी भिंगातून डोळा न काढता उत्तर दिलं, "ही जेन्ट्स घड्याळं आहेत. बारा होऊ देत, मग बघू." पुढे ती दर घड्याळाच्या वेळी नुसती त्यांच्याकडे बघायची आणि ते म्हणायचे, "बघू म्हटलंय ना." पोरीला बाकी कशाची हौस नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्या घरातच तयार होत होती. मला त्या माणसाचा तेव्हा खरोखर राग यायचा.

दोन नंबर करताना त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. "हवा दमट आहे," असं त्यांनी सांगितलं. एक नंबरला त्यामुळे फार वेळ गेला. ते पूर्ण होऊन सुषमाच्या हातावर रुळलं आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा अजित, बोरिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होता. सरळ, हसतमुख, आणि प्रत्येक गोष्ट प्रॅक्टिकली बघणारा. सीमांतपूजनाला मुलीच्या बापाने जावयाच्या हातात घड्याळ घालायचं असतं. कारखानदारांनी सुषमापुढे हात केला. तिने विचारलं, "हेही?" ते म्हणाले, "जावयाच्या हातात म्हणजे घरातच की." तिने घड्याळ काढून दिलं. भाईंदरच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, एक नंबर जावयाच्या हातात गेलं. त्याच हातात आधीपासून एक सोनेरी घड्याळ होतं. त्याने ते खिशात टाकलं, एवढा सभ्यपणा त्याच्याकडे होता.

सुषमाचा दिवाळसण आला. फराळाला आम्ही समोरचे म्हणून होतोच. अजितने चकली तोडत हात पुढे केला. "बाबा, हे मध्ये बंद पडलं होतं. सुषमा मंगळागौरीला इकडे आली होती ना, तेव्हाच. मी स्टेशनजवळ दाखवलं. त्याने आतलं मशीनच बदलून दिलं. आता चावीची कटकट नाही, नुसता सेल टाकायचा. प्रॅक्टिकली बघितलं तर हेच बरं." घड्याळ बिघडलेलंच नव्हतं. सुषमा रोज चावी देत होती, ती चार दिवस माहेरी आली आणि ते थांबलं. जावईबापूंना चावी द्यायची असते हेच माहीत नव्हतं, आणि दुकानदाराने जे माकडालाही येईल ते केलं होतं. कारखानदारांचं नाव असलेल्या डायलवर सेकंदकाटा टुकटुक उड्या मारत होता.

साध्या पट्ट्यावरून खारीपर्यंत चालत गेलेला माणूस आता काय करेल, याची मला भीती वाटत होती. सुषमा ताटाकडे बघत होती. तिचा पहिला दिवाळसण होता आणि बापाच्या जिभेला हाड नव्हतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कारखानदारांनी जावयाचा हात धरला, घड्याळ कानाला लावलं, मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. म्हणाले, "अगदी बरोबर वेळ दाखवतंय. मला इतकं कधी जमलं नाही." अजितला ते कौतुक वाटलं. त्याने आणखी एक चकली घेतली.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "जुनं मशीन त्याने टाकून दिलं असेल ना?" सुषमा उठली आणि पर्समधून कुंकवाची डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली. आत कापसावर एक नंबरचं मशीन होतं. ना डायल, ना काटे, चावीची काडी तेवढी शाबूत. "इथून परत गेले, त्याच दिवशी मी दुकानात गेले. तो म्हणाला, मॅडम, भंगार है, क्या करोगी." कारखानदारांनी डबी कानाला लावली. ते चालू होतं. वेळ दाखवायला काटा नाही अशा मशीनला ती पोरगी रोज सकाळी चावी देत होती. कारखानदार डबी घेऊन कारखान्यात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वहिनींनी शांतपणे सगळ्यांना करंज्या वाढल्या.

त्यानंतर त्यांनी तेरावं घड्याळ करायला घेतलं. भाईंदरच्या एका सोनाराने पूर्वी त्यासाठी कितीदा विनवलं होतं, "काका, एक और बना दो ना," आणि यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. आता घडण लहान, पट्टा बारीक, मशीन एक नंबरचं. पण अंगठा ऐकत नव्हता. स्क्रू बसवायला शेवटी वहिनी बसल्या. वर्षानुवर्षं रेशमी साड्यांना टाके घातलेला हात, तो कशाला हलतोय. मागे उभे राहून सूचना करणं आणि चिडणं एवढंच कारखानदारांकडे उरलं. पहिला स्क्रू बसल्यावर वहिनींनी भिंग काढून विचारलं, "एवढ्यासाठी माझं मशीन बंद ठेवत होतात?" दुसऱ्या दिवशीपासून त्या घरात शिलाई मशीन सकाळीही ऐकू यायला लागलं, आणि पंखाही फिरायला लागला.

ते घड्याळ दिसायला बेताचं झालं. डायल किंचित तिरका, आणि मागे नंबर नाही. कोरायला हात स्थिर नव्हता, हे खरं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नंबर गिऱ्हाइकाला असतो." किती घड्याळं केलीत, असं कुणी विचारलं तर मात्र ते शेवटपर्यंत बाराच सांगत राहिले. सुषमाने तेरावं हातात घातलं तेव्हा ते पहिल्यांदाच कोपराकडे घसरलं नाही. तिने सवयीने चावी दिली आणि कानाला लावलं. त्यांनी विचारलं, "चालतंय?" ती म्हणाली, "मागे पडतंय." दोघेही हसले. त्या माणसाला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

पुढे दोनेक वर्षांत ते गेले. तेराव्याला घरात माणसं मावत नव्हती. घड्याळवाले कोण कोण आले होते, खारीचा तर पट्टा लावून आला होता. भटजी दारातूनच घाई करत शिरले. त्यांना पुढे घोडबंदरला जायचं होतं. "वेळ होऊन गेली, यजमान. तयारी नाही अजून?" अजितने हातातल्या एक नंबरात पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "हो, दहा वाजून गेलेत." स्वयंपाकघरातून सुषमा हात पुसत बाहेर आली. तिने आपल्या घड्याळात पाहिलं, कानाला लावलं आणि बापाच्याच आवाजात म्हणाली, "घड्याळ बरोबर आहे. गुरुजी लवकर आलेत."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग हसता हसता रडल्या. सुषमाने भटजींना बसायला पाट दिला. भटजी थांबले.