कुडाचं भोक आणि अक्काची फिर्याद

ती फिर्याद आठवली की आजही मी हातातला घास खाली ठेवतो. मग अक्का आठवते आणि हसू फुटतं.

स्वातंत्र्यानंतरची पहिलीच काही वर्षं. शिरपूरच्या बाजूला एका चौकीवर मी नवा फौजदार. माझ्या मिशा तेव्हा अशा, की माझ्याआधी त्याच चौकीत शिरायच्या. आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, झोके खेळायला सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. सकाळची हजेरी चालू असताना साठीची एक अक्का थेट टेबलापाशी आली. एरवी तिच्या हाकेनं तापीपलीकडची गुरं माना वळवत. त्या दिवशी ती कुजबुजत होती.

"भाऊ, न्हाणीना कूडले कोनी तरी भोक पाडस. रोज मी लिपस, रोज तो पाडस."

न्हाणी म्हणजे परसातला पऱ्हाटीच्या काड्यांचा, शेणानं लिंपलेला आडोसा. तिथं तिची माहेरी आलेली भाची आंघोळ करायची. पोरीच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता, घरच्यांनाच ठाऊक असलेला. आदल्या दिवशी झोक्यापाशी बायका त्याच डागाबद्दल कुजबुजल्या, म्हणजे भोकातून पाहणाऱ्यानं ते गावभर केलं होतं. परवा नवरा न्यायला येणार. त्याच्या कानी हे गेलं, तर पोर कायमची माहेरी.

मी कलम ५०९ उघडलं. स्त्रीची लाज घेण्यासाठी तिच्या एकांतात घुसणं गुन्हा, साधी कैद. "पण पोरीला कोर्टात सांगावं लागेल, अक्का."

अक्का विझली. कायदा हातात, आणि तोच पोरीला बुडवणार!

मग तिनं मान वर केली. "तुमना कायदामा बाईनं वय लिखेल शे का?"

"नाही."

"मंग उद्या मीच आंग धोसू."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच अक्का लुगड्यानिशी न्हाणीत बसून पाणी ओतू लागली. आमचे हवालदार काड्यांच्या गंजीआड लपले; त्यांचा देह पाहता गंजीच त्यांच्याआड लपली होती. तास गेला. कुणी सापडलं नाही, तर उद्या नवरा दारात येणारच होता. तेवढ्यात हवालदारांनी कुडाजवळून सटकणाऱ्या इसमाचं बकोट धरलं. अक्काचे शेजारीच, गाव ज्यांना 'भाऊ' म्हणे ते, भजनात पहिल्या रांगेतले!

"वासरू सुटलं होतं, साहेब." चौकीत दोन तास तेच वासरू. शेवटी मी कागद ओढला. "लिहितो, आज तुम्ही सासुरवाशिणीला आंघोळ करताना पाहिलं."

भाऊ ताडकन उठले. "साफ खोटं! पोरगी कुठं होती? आत अक्का होती, तीही अंगभर लुगड्यात!"

हवालदारांनी हळूच विचारलं, "हे वासरानं सांगितलं का, भाऊ?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून अक्काची फिर्याद नोंदवून भाऊंना त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे नेलं. तिथंही त्यांच्या तोंडून तेच निघालं. गावाला आता अक्का आणि वासरू सोडून विषय उरला नाही. डागाची कुजबूज विरली. ठरल्या दिवशी पोर नवऱ्यासोबत बैलांच्या दमणीत बसून गेली. तिचं नाव एकाही कागदावर आलं नाही.

खटल्यात भाऊंच्या वकिलानं अक्काला विचारलं, "बाई, तुम्ही तर कपड्यात होता. लाज गेली कशी?"

अक्काचा मूळ आवाज परत आला. कोर्टाची कौलं थरथरली, शपथेवर सांगतो. "कूड मन्हा शे! साठ वरीस व्हयनात म्हनीसन मन्ही लाज सरी गयी का?"

भाऊंना साधी कैद झाली.

पुढे मी दरोडेखोरही धरले, किती ते विचारू नका. पण त्या कलमाचा अर्थ मला अक्कानं शिकवला. काय दिसलं हा प्रश्नच नव्हता. भोक पाडलं तिथंच गुन्हा झाला होता. तेव्हापासून झडती असो की पाहुणचार, कुणाच्याही परसात पाऊल टाकण्याआधी मी मोठ्यानं खाकरतो. स्वतःच्या घरीसुद्धा. सुना हसतात. हसू देत.